दिसते त्याचा भाव

घर बांधून झालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो वास्तुशांतीच्या पंगतीतच. 'चौरस फुटाला काय पडलं?' कार्यालयातल्या लग्नात 'ताट कितीला पडलं' असे विचारावे तितक्या सहजपणे. घरमालकही एक आकडा सांगून टाकतो. तो आकडा त्याने कोणत्या वहीतून काढला, त्यात कंपाउंडची भिंत धरली की नाही, बोअरचे पैसे कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. विचारणारा तो आकडा घरी घेऊन जातो, आपल्या मनातल्या बांधकामाच्या लांबी-रुंदीने त्याला गुणतो आणि त्या गुणाकाराच्या भरवशावर मुदत ठेव मोडतो.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीचशी कर्जखात्यात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा वाचली ती लोकांची इस्टिमेटे. खरे सांगायचे तर इस्टिमेट हा प्रकार मला कादंबरीइतकाच वाचनीय वाटत आला आहे. फरक एवढाच, की कादंबरी ठरवल्यापेक्षा शंभर पानांनी वाढली तर फार तर प्रकाशक कुरकुरतो. भिंत ठरवल्यापेक्षा वाढली तर बायकोच्या बांगड्या जातात.

नोकरीत मला दोन प्रकारची इस्टिमेटे भेटली. एक बँकेला दाखवायचे. ते बांधकामाच्या मापाचे नसते, कर्जाच्या मापाचे असते. माणसाच्या पगारावर जेवढे कर्ज बसते, नेमके तेवढ्यालाच घर बसवलेले. दुसरे खिशातले. ते सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर किंवा लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहिलेले. या दोहोंपलीकडे तिसरे एक असते. ते खरे इस्टिमेट. ते बहुतेक घरांत कोणी केलेलेच नसते.

शटरच्या आतला संसार

१९९०च्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी शाखेत होतो. कर्जदारांच्या बांधकामांची पाहणी करायला अधूनमधून जावे लागे. एका माध्यमिक शिक्षकांचे घर यादीत होते. जाऊन बघतो तर घर लिंटेलपर्यंत येऊन थांबलेले. खांबांच्या सळया गंजून तांबड्या झालेल्या, खोल्यांमध्ये गुडघाभर गवत. पण प्लॉटच्या कडेला दहा बाय सोळाचे गॅरेज मात्र पुरे झालेले होते. गिलावा झालेला, वर स्लॅब, पुढे लोखंडी शटर. आणि त्या गॅरेजात गुरुजी, त्यांची पत्नी, आई आणि दोन मुले अशी पाच माणसे राहत होती. अर्धे शटर खाली ओढून मुलगी दहावीचा अभ्यास करीत होती. मोटार नव्हतीच. 'मुलगा पुढे घेईल' म्हणून नकाशात काढलेली जागा, आणि सिमेंटच्या गोण्या कोरड्या ठेवायला काहीतरी हवे म्हणून आधी बांधलेली.

झाले होते असे, की घराचे इस्टिमेट बँकेपुरते होते. काळ्या मातीने पाया गिळला. बँकेचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. जोते झाले की एक हप्ता, लिंटेल झाले की दुसरा, स्लॅब पडला की पुढचा. स्लॅब घालायला पैसे नाहीत, आणि स्लॅब घातल्याशिवाय पैसे नाहीत. घेतलेल्या रकमेवर व्याज चालू, आणि जुन्या घराचे भाडे परवडेना म्हणून संसार शटरच्या आत.

'मग हे गॅरेज कसे पुरे झाले?' मी विचारले.

गुरुजी म्हणाले, "साहेब, याचा हिशेब मी स्वतः केला होता. घराचा दुसऱ्यानं करून दिला."

त्यांनी दोनशे पानी वही दाखवली. विटा किती, गोण्या किती, सळई किती किलो, गवंड्याचे दिवस किती, बिगाऱ्यांचे किती. गॅरेजच्या पानावर खर्च आणि अंदाज यांत फरक होता, पण तो घरात सोसण्याइतका. पुढच्या पानापासून दुसऱ्याचे अक्षर सुरू होत होते.

घर पुढे चार वर्षांनी पुरे झाले. पण त्या दिवसापासून कोणी खर्चाचा अंदाज विचारायला आले, की मी आधी विचारतो, 'हिशेब कोणी केलाय?'

गॅरेज म्हणजे काय?

मराठीत या शब्दाची गंमतच आहे. 'गाडी गॅरेजला आहे' याचा अर्थ आपल्याकडे गाडी सुखात सावलीत उभी आहे असा होत नाही. ती बिघडली आहे असा होतो. पूर्वीच्या वाड्यांना पागा होती, सरदारांकडे बग्गीखाना होता. बंगल्यांच्या काळात गॅरेज आले आणि लवकरच त्यात लोणच्याच्या बरण्या, मोडका पाळणा, दिवाळीचा आकाशकंदील आणि गादीवाल्याकडे द्यायचा राहिलेला कापूस जाऊन बसला. गाडी उभी रस्त्यावरच. काही गॅरेजांत पिठाची गिरणी आली, काहींत शिकवणी, काहींत झेरॉक्सचे यंत्र. गॅरेज ही घरातली अशी एकच खोली आहे, जिचा उपयोग बांधताना माहीत नसतो.

म्हणून पहिले माप गाडीचे घ्यावे, पण फक्त आपल्या गाडीचे नको. १९८३ साली आलेली मारुती ८०० जेमतेम १ मीटर ४४ सेंटिमीटर रुंद होती. प्रीमियर पद्मिनीही जवळपास तेवढीच. त्या मापाने बांधलेली गॅरेजे आज गावोगाव आहेत, आणि त्यांत आजची गाडी शिरते पण माणूस बाहेर येत नाही. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड लहान गाड्यांना करसवलत मिळाली. तेव्हापासून बऱ्याच गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत राहिली, पण रुंदी वाढत गेली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या उंच बांध्याच्या लहान गाड्या पावणेदोन ते १ मीटर ८० सेंटिमीटर रुंद असतात. म्हणजे सहा फूट. दोन्ही बाजूंना दार उघडून माणूस उतरायला अडीच-अडीच फूट. झाले अकरा. लांबी तेरा फूट, पुढे-मागे चालायला आणि भिंतीशी कपाट ठेवायला पाच. झाले अठरा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते; धड बांधलेली भिंत पन्नास वर्षे उभी राहते. तेव्हा एका गॅरेजात तीन-चार गाड्यांच्या पिढ्या येऊन जाणार, हे धरून चालावे.

आतून अकरा बाय अठरा हे माप पुढच्या हिशेबासाठी धरू. नऊ इंची भिंती धरल्या तर बाहेरून साडेबारा बाय साडेएकोणीस, म्हणजे सुमारे २४४ चौरस फूट.

आता तो पंगतीतला गुणाकार इथे का फसतो बघा. हजार चौरस फुटांच्या, पंचवीस बाय चाळीसच्या घराला बाहेरची भिंत १३० फूट लागते. आपल्या गॅरेजची चारी बाजूंची लांबी भिंतीच्या मध्यापासून मोजली तर ६१ फूट. घर गॅरेजच्या चौपट, पण भिंत जेमतेम दुप्पट. म्हणजे गॅरेजच्या प्रत्येक चौरस फुटाच्या वाट्याला बाहेरची भिंत आणि तिचा पाया जवळजवळ दुप्पट येतो. उलट ओटा नाही, नळ नाही, संडास-बाथरूम नाही. घराचा दर गॅरेजला लावणे म्हणजे धोतराच्या मापाने टोपी शिवणे.

आधी खड्डा, मग कागद

यंदा आमच्या साताऱ्याच्या घराशेजारी गाडीला निवारा करायचे ठरले. लेकीने गाडी घेतली, आणि आठवड्यातून तीन दिवस ती आमच्या दारात उभी राहते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा आमचे मिस्त्री म्हणाले, "सायेब, कागुद मागनं. आधी एक खड्डा मारून बघू. लोकं दिसतंय त्याचाच भाव इचारत्यात. पैसं तर भुईतच जात्यात."

चाळीस वर्षांत इतके नेमके वाक्य मी एकाही अभियंत्याच्या अहवालात वाचले नाही.

दख्खनच्या या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला माहीत असतो, बंगलेवाल्याला नसतो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत तिच्याबरोबर श्वास घेते आणि एक दिवस तडकते. म्हणून पाया मुरमात टेकवायचा. मुरूम तीन फुटांवर लागतो की पाच फुटांवर, हे एका बिगाऱ्याच्या एका दिवसाच्या रोजात कळते. हा रोज सगळ्या बांधकामातला सर्वांत स्वस्त खर्च समजावा.

आमच्या खड्ड्यात मुरूम पाच फुटांवर लागला.

आता फरक मोजू. बांधकामात आपले माप 'ब्रास'. खोदाई, वाळू, खडी, दगडी किंवा विटांचे काम यांचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट; गिलाव्याचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. शब्द एक, अर्थ दोन; बोलणी करताना कोणता ते आधी विचारून घ्यावे. ६१ फूट लांब आणि अडीच फूट रुंद चर तीन फूट खोल खणला तर साडेचार ब्रास खोदाई. पाच फूट खणला तर साडेसात ब्रासच्या वर. शिवाय वाढलेल्या दोन फुटांत दीड फूट रुंदीचे दगडी बांधकाम करायचे, ते पावणेदोन-दोन ब्रास. वर बांधलेले गॅरेज दोन्ही वेळा तेच दिसणार. खर्चातला हा सगळा फरक पावसाळ्याआधी मातीखाली गडप होणार.

गोण्यांची मोजदाद

लोक सिमेंटचा हिशेब करताना 'स्लॅबला किती गोण्या?' एवढेच विचारतात. आपण जरा पुरता करू. सगळे आकडे ढोबळ आहेत, पण सामान्य माणसाला दिशा दाखवायला पुरेसे.

स्लॅब २४४ चौरस फूट, जाडी पाच इंच. घनफळ जवळजवळ बरोबर एक ब्रास, म्हणजे २.८८ घनमीटर. एकास दीड आणि तीन या मिश्रणाला घनमीटरला सुमारे आठ गोण्या लागतात. म्हणजे २३. पायाखालचे काँक्रीट १०. पायाचे दगडी काम १४. जोत्यावरचा आणि दारा-खिडक्यांवरचा पट्टा मिळून १०. विटांचे काम ११. आतला कोबा १२. गिलावा ११. एकूण ९१ गोण्या. आणि पाया पाच फुटांवर गेला तर शंभरी गाठली.

म्हणजे ज्या स्लॅबची घरभर चर्चा होते, त्याला सिमेंटचा फक्त चौथा हिस्सा लागतो. बाकी तीन हिस्से पायात, भिंतीत आणि जमिनीत. 'वर पत्रे टाकले की निम्म्यात होईल' असे म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

विटांचे तसेच. शटरची जागा वजा करून भिंत ५२ फूट, उंची आठ, जाडी पाऊण फूट. एक खिडकी वगळली की तीन ब्रास. प्रमाणित १९ बाय ९ बाय ९ सेंटिमीटरच्या विटेच्या हिशेबाने घनमीटरला ५००, ब्रासला सुमारे १४००. एकूण ४२००, फुटतूट धरून ४४००. भट्टीवरची वीट याहून मोठी-लहान असते, तेव्हा एक वीट घरी आणून पट्टीने मोजावी आणि आकडा बदलावा.

सळईसाठी एक सूत्र पाठ करून ठेवा. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करा, १६२ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. आठ मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई ४ किलो ७४० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. आपल्या स्लॅबला सव्वादोनशे-अडीचशे किलो, पट्ट्यांना आणखी शंभरेक. नेमका आकडा अभियंता देईल. सळई कुठे आणि किती जाड घालायची हे त्याचेच काम आहे, आपले नव्हे. आपले काम काट्यावर उभे राहण्याचे.

दर जातो, माप राहते

रुपयांचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. कारण रुपये बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि एका दिवसात लोकांच्या वह्या जुन्या झाल्या. नदीच्या वाळूची जागा बहुतेक ठिकाणी खाणीतल्या क्रश सँडने घेतली. पण गोण्या तेवढ्याच लागतात.

माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घर बांधले. त्यांची वही माझ्याकडे आहे. तेव्हा सिमेंट नियंत्रित होते, परवान्यावर मिळे. १९८१-८२ साली याच सिमेंटवरून महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पुरते. वहीतले दर आज वाचले तर हसू येते. पण 'मधल्या खोलीचा स्लॅब – गोण्या २१' ही ओळ आजही जशीच्या तशी वापरता येते. दर हा बाजाराचा असतो, माप आपले असते. ज्याच्याजवळ माप आहे, त्याला दर विचारायला तीन दुकाने हिंडावी लागतात, एवढेच. ज्याच्याजवळ माप नाही, त्याला तिन्ही दुकानदार खरे वाटतात.

दर घेताना दोन गोष्टी. तिन्ही ठिकाणचे भाव एकाच दिवशी घ्यावेत, दारात पोहोच आणि करासकट, आणि शेजारी तारीख घालावी. दुसरे, 'दोन ब्रासची गाडी' आली की टेप काढून हौदा मोजावा. लांबी गुणिले रुंदी गुणिले मालाची उंची, भागिले शंभर. ओली बारीक वाळू फुगते; पावसाळ्यात तोच ढीग मोठा दिसतो. ड्रायव्हर नाराज होत नाही. मोजणारा मालक त्याला रोज भेटत नाही, म्हणून जरा कौतुकाने बघतो.

खालून वर वाचा

बँकेतली एक सवय मी वाचकांना आवर्जून देऊ इच्छितो. कोणाचेही कोटेशन खालून वर वाचावे. वरच्या ओळी सगळ्यांच्या सारख्या असतात. माणूस खालच्या बारीक अक्षरांत भेटतो. 'पाणी व वीज मालकाकडून.' 'खोदाईत खडक लागल्यास जादा.' 'राडारोडा उचलणे वेगळे.' 'सेंटरिंगचे सामान पंधरा दिवसांवर राहिल्यास भाडे.'

पाणी मालकाचे, हे वाचायला सोपे. आपल्या २४४ फुटी स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी उभे केले तर एका भरण्याला साडेअकराशे लिटर लागते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवायला हवे. आज दुकानात मिळते ते बहुतेक मिश्रच. एप्रिल-मेमध्ये नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे पाणी टँकरचे. ते इस्टिमेटात कोणी धरत नाही, आणि मग तिसऱ्या दिवशी पाणी मारणे बंद होते. स्लॅब तेव्हा काही बोलत नाही. पाचव्या पावसाळ्यात बोलतो.

आणखी न धरलेले खर्च सांगतो. रस्त्यापासून जोत्यापर्यंतचा उतार; सहा इंच चढायला एकास आठचा उतार द्यायचा तर चार फूट लांब रॅम्प लागतो, आणि गाडी हवेतून आत जात नाही. नगरपालिकेची परवानगी आणि तिचे शुल्क. कडेला किती जागा मोकळी सोडायची हे बांधण्याआधी विचारावे, नंतर विचारणारे दुसरे असतात. पावसाच्या पाण्याचा पाइप. वीज, आणि आता विजेच्या गाड्या आल्या आहेत तेव्हा मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि अर्थिंग. गाडी नसली तरी निदान भिंतीत नळी टाकून ठेवावी. पायाभरणीचा नारळ-पेढे. आणि स्लॅबच्या दिवशीचे मजुरांचे जेवण. हे शेवटचे काटू नये. सूर्य उगवल्यापासून घमेली चढवणाऱ्या माणसांच्या जेवणात काटकसर करणाऱ्याचा स्लॅब कसा होत असेल, हे मी सांगायला नको.

सरकारी इस्टिमेटात आकस्मिक खर्चाला तीन ते पाच टक्के धरण्याची रीत आहे. घरच्या कामाला मी दहा टक्के सांगतो, आणि ते वेगळ्या पासबुकात ठेवायला सांगतो. एकाच खात्यात असले की आकस्मिक खर्च आठवड्याला एकदा घडतो. ठेकेदाराला पैसे झालेल्या कामाच्या मागून जावेत, पुढून नव्हे. आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस बघून द्यायचा, हे आधीच बोलून ठेवावे. चांगला मिस्त्री याला हरकत घेत नाही.

पत्र्याचे वजन, वाऱ्याचे बळ

एवढे सगळे मांडल्यावर आमच्या घरात जे झाले ते सांगतो. हिशेबाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. सौ.ने तो वाचला आणि विचारले, "गाडीला ऊन-पाऊस लागू नये एवढंच ना? मग तिला भिंती कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर कागदावरच होते. छप्पर बदलून वाचणार होता तो चौथा हिस्सा. भिंती काढल्या तर विटा गेल्या, गिलावा गेला, आणि मुख्य म्हणजे भिंतीखालचा तो ६१ फुटांचा चर गेला. त्याऐवजी सहा लोखंडी खांब, प्रत्येकाला तीन बाय तीनचा पाच फूट खोल खड्डा. साडेसात ब्रासची खोदाई पावणेतीन ब्रासवर आली. खांब काळ्या मातीवर न टेकता मुरमात उभे राहिले.

कंपाउंडच्या भिंतीवर एक बाजू टेकवण्याची सूचना शेजाऱ्यांनी केली. अशी सूचना सगळ्यांनाच होते. ती मानू नये. कंपाउंडची भिंत ही कोणाला आत येऊ न देण्यासाठी बांधलेली असते, काही पेलण्यासाठी नव्हे.

पत्र्याच्या छपराला मात्र वेगळा हिशेब लागतो. स्लॅबचे वजन सात टनांवर जाते. तो खाली बसतो. तेवढ्याच जागेवरच्या पत्र्यांचे वजन शे-सव्वाशे किलो. ते वर उडू पाहतात. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्या वेगाने चौरस मीटरवर सुमारे ९३ किलोचा दाब येतो. आपल्या साडेबावीस चौरस मीटरच्या छपराला ढोबळमानाने दोन टनांची ओढ. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा काय झाले ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. त्यांनी पत्रे झाडांवरून उतरवून आणले आहेत. म्हणून छपराचा खर्च करताना पत्र्याच्या जाडीवर घासाघीस करा, रंगावर करा. पण खांबाच्या बुडाच्या बोल्टवर, पत्र्याच्या हुकांवर आणि खड्ड्यातल्या काँक्रीटवर करू नका. छपराला वादळात धरून ठेवतो तो हा न दिसणारा खर्च.

इस्टिमेटचा सर्वांत मोठा उपयोग मला वाटतो तो हाच. किती लागेल हे तर ते सांगतेच. काय नको हेही सांगते. आम्ही गॅरेज बांधायला बसलो आणि छपरी बांधून उठलो. प्रत्येक घराचे उत्तर हेच असेल असे नाही. गावाबाहेर एकटे घर असेल, चोरीची भीती असेल, उद्या त्या खोलीत म्हाताऱ्या माणसाची खाट टाकायची असेल, मुलीला परवानगी काढून शिवणकामाचे यंत्र मांडायचे असेल, तर भिंती हव्यातच. आणि मग पहिल्यापासून खिडकी आणि जोत्याची उंची त्या बेताने ठेवावी. माणूस राहण्याची वेळ आली तर ती खोली माणसाला साजेल अशी असावी. मी अशी वेळ आलेले घर पाहिले आहे.

बांधकामाचा हिशेब हे पुरुषांचे, इंजिनिअरांचे किंवा बँकवाल्यांचे काम आहे, अशी एक समजूत आपल्या घरांत असते. वास्तविक ज्या घरात महिन्याच्या किराणाची यादी होते, त्या घरात इस्टिमेट होऊ शकते. गहू किती किलो, तेल किती, आणि मग भाव. आधी वजन, नंतर पैसे. वाण्याकडे जाऊन 'माणशी किती पडेल?' असे कोणी विचारत नाही.

तेव्हा असे काही मनात असेल, तर एखाद्या रविवारी दुपारची झोप थोडी बाजूला ठेवावी. एक शंभर पानी वही घ्यावी, टेप घ्यावी. मुलाला किंवा नातवाला टेपचे दुसरे टोक धरायला लावावे, आणि बाहेर जाऊन जागा मोजावी. लांबी, रुंदी, फाटकापासूनचे अंतर. वहीत आकडा मुलाच्या हाताने लिहू द्यावा. वीस-पंचवीस वर्षांनी त्याला ती वही सापडेल तेव्हा आपल्या काळातले दर वाचून तो खूप हसेल, आणि माप घेऊन कामाला लागेल.